खात्री हरपलेला गीतकार : विल्यम कूपर



गुडघे टेकावेत आणि प्रार्थना ओठांवर येऊ नये. पवित्र शास्त्र उघडावे आणि ओळखीची वचने परक्याच्या नावे आलेल्या पत्रासारखी वाटावीत. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जावे आणि तसेच कोरडे परत यावे. असे दिवस आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आले असतील. आपण ते सहसा कोणास सांगत नाही. साक्ष देण्याची वेळ आली की दहा वर्षांपूर्वीची साक्ष पुन्हा सांगतो. घरी परतल्यावर मात्र मनात एक प्रश्न उभा राहतो : मला जर आता काहीच जाणवत नाही, तर माझे तारण खरोखर झाले होते काय?

पवित्र शास्त्राचे भाषांतर हे माझे काम आहे. दिवसभर एखाद्या वचनातील एका क्रियापदासाठी मूळ भाषेशी झटावे आणि संध्याकाळी तेच वचन माझ्या जिवाशी एक शब्दही न बोलता समोर पडून असावे, असे कित्येक महिने मी स्वतः काढले आहेत. त्या दिवसांत विजयाच्या साक्षी वाचून मी अधिकच खचत असे. मला आधार मिळाला तो एका अशा मनुष्याच्या चरित्रातून, ज्याची हरपलेली खात्री या जगात त्याला पुन्हा लाभलीच नाही. आपणांस हे विचित्र वाटेल. म्हणूनच ते चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हा मनुष्य म्हणजे इंग्रज कवी व गीतकार विल्यम कूपर. त्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून कोणी काउपर असाही उच्चार करतात. पण त्याच्या घराण्यात तो कूपर असाच होत असे. जखऱ्याच्या पुस्तकातील तेराव्या अध्यायाच्या आधारे रचलेले, ख्रिस्ताच्या रक्ताच्या झऱ्याविषयीचे त्याचे गीत आजही आपल्या देशातील इंग्रजी उपासनांतून गायिले जाते. देवाच्या गूढ मार्गांविषयीचे त्याचे गीत कित्येक दफनविधींत शोकाकुलांचे सांत्वन करीत आले आहे. ज्याने इतरांना इतके सांत्वन दिले, त्याला आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे असे वाटत होते की, देवाने आपणांस कायमचे टाकून दिले आहे.

आईविना पोर

विल्यमचा जन्म १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमधील बर्कहॅमस्टेड या गावी, पाळकाच्या घरी झाला. आईला सात मुले झाली. त्यांपैकी विल्यम आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन हे दोघेच जगले. जॉनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. विल्यम तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. तो घाव किती खोल होता याची कल्पना एकाच गोष्टीवरून येईल. त्रेपन्न वर्षांनी, १७९० साली, एका नातलगाने त्याच्याकडे आईचे चित्र पाठविले, तेव्हा उतारवयाकडे झुकलेल्या या कवीने त्या चित्रावर एक दीर्घ कविता लिहिली आणि तिच्यात तो पुन्हा आईच्या खोलीतील लहान मूल झाला.

आईच्या मृत्यूनंतर त्याला वसतिगृहाच्या शाळेत ठेवण्यात आले. तेथे वयाने बराच मोठा असा एक मुलगा त्याचा एकसारखा छळ करी. छळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचीही या लेकराची छाती होत नसे. तो त्याला त्याच्या बुटांच्या बकलांवरूनच अधिक ओळखत असे. प्रिय वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्यापैकी काही जण देवाकडेही असेच पाहतात. त्याचे मुख आपण पाहिलेले नसते. लहानपणी कोणीतरी घातलेली भीती मात्र आपण त्याच्या नावाने बाळगत राहतो.

पुढे वेस्टमिन्स्टर येथील नामवंत शाळेत ग्रीक व लॅटिनचे उत्तम शिक्षण घेऊन कूपर कायद्याकडे वळले. १७५४ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. पण त्याआधीच, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांना खिन्नतेचा पहिला मोठा झटका येऊन गेला होता. चुलतबहीण थिओडोरा हिच्यावर त्यांचे प्रेम होते. तिच्या वडिलांनी विवाहास संमती दिली नाही. ती जन्मभर अविवाहित राहिली. कूपरही तसेच राहिले.

सेंट अल्बन्सची बाग

१७६३ साली एका नातलगाच्या खटपटीने त्यांना उमरावांच्या सभेतील कारकुनाची एक चांगली जागा मिळण्याची चिन्हे दिसू लागली. नेमणुकीला आक्षेप निघाला आणि सभेपुढे उभे राहून परीक्षा द्यावी लागेल असे ठरले. लोकांपुढे उभे राहण्याच्या कल्पनेने हा लाजाळू मनुष्य इतका घाबरला की, त्याचे मन पार ढासळले. आपले जीवन संपवावे असे त्याला वाटू लागले आणि तसे प्रयत्नही त्याच्या हातून घडले. देवाने त्याला राखले. परंतु त्यानंतर पापाच्या जाणिवेने व दंडाच्या भीतीने त्याला घेरले. डिसेंबर १७६३ मध्ये त्याच्या आप्तांनी त्याला सेंट अल्बन्स येथील डॉ. नॅथॅनियल कॉटन यांच्या रुग्णालयात नेले.

त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवण्याची रीत सर्रास होती. डॉ. कॉटन मात्र देवभीरू, प्रेमळ आणि स्वतः कविता करणारे गृहस्थ होते. त्यांनी कूपरना औषध, विश्रांती व मायेची वागणूक दिली. १७६४ च्या उन्हाळ्यात भाऊ जॉन भेटीस आला आणि तुझ्यावरील दंडाज्ञेची कल्पना हा केवळ भ्रम आहे, असे त्याने विल्यमला कळकळीने सांगितले. मनाचे दार किंचित उघडले. बागेतील बाकावर एक पवित्र शास्त्र पडलेले होते. कूपरनी ते उघडले तो लाजराच्या पुनरुत्थानाचा अध्याय निघाला आणि येशूची दया पाहून त्यांचे मन द्रवले. थोड्याच दिवसांनी त्यांनी पुन्हा शास्त्र उघडले. या वेळी रोमकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे पंचविसावे वचन त्यांच्यापुढे आले.

हे वचन भाषांतरकाराला अवघड जाते. त्यातील प्रायश्चित्ताविषयीच्या ग्रीक शब्दात कराराच्या कोशावरील दयासनाचाही अर्थ आहे आणि हे सगळे एका मराठी शब्दात मावत नाही. पण त्या वचनाचा कर्ता कोण याविषयी मूळ भाषेत मुळीच संदिग्धता नाही. देवाने स्वतः ख्रिस्ताला पुढे ठेवले. मनुष्याकडून अपेक्षा विश्वासाची. कूपरनी हे वाचले आणि ख्रिस्ताचे प्रायश्चित्त आपल्यासाठी पुरेसे आहे हे त्यांना त्याच क्षणी दिसले. इतका आनंद झाला की पुढे काही काळ डॉ. कॉटन यांनाच काळजी वाटू लागली, हा हर्षही रोगाचेच दुसरे रूप तर नव्हे! पण तो टिकला. जून १७६५ मध्ये कूपर तेथून बाहेर पडले.

ओल्नीचे दिवस

हंटिंग्डन या गावी त्यांना मॉर्ली अनविन या पाळकाच्या कुटुंबात आसरा मिळाला. १७६७ साली अनविन घोड्यावरून पडून मरण पावले. त्याच सुमारास भेटीस आलेल्या जॉन न्यूटन यांच्या आग्रहावरून विधवा मेरी अनविन आणि कूपर हे ओल्नी येथे राहावयास गेले. हे न्यूटन म्हणजे एकेकाळी गुलामांच्या जहाजावरील कप्तान. प्रभूच्या कृपेने पालटलेले आणि आता ओल्नीच्या गरीब मंडळीचे पाळक.

ओल्नी हे ऊझ नदीकाठचे दरिद्री गाव होते. घरोघरी बायका व मुले दिवे लागेपर्यंत आणि दिवे लागल्यावरही लेस विणत बसत. कूपर न्यूटनबरोबर आजाऱ्यांच्या घरी जात, गरिबांना मदत पोहोचवीत. उमरावांपुढे चार प्रश्नांची उत्तरे देण्याच्या भीतीने ज्याचे मन मोडून पडले होते, तोच मनुष्य येथे लेस विणणाऱ्या बायाबापड्यांच्या सभेत उभा राहून मोठ्याने प्रार्थना करू लागला. प्रार्थनेपूर्वी तो थरथरत असे, पण करीत असे. कृपेचे कार्य आणखी कसे ओळखावे?

या प्रार्थनासभांसाठी न्यूटन व कूपर यांनी गीते रचण्यास आरंभ केला. त्यांतून १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ हा ३४८ गीतांचा संग्रह निघाला. त्यातील साठांहून अधिक गीते कूपरांची आहेत. डिसेंबर १७६९ मध्ये मेरी अनविन अत्यवस्थ झाल्या, तेव्हा देवासमागमे चालणाऱ्या हनोखाला स्मरून कूपरनी एक गीत लिहिले. देवाबरोबरची पहिली जवळीक कोठे गेली, वचन वाचताना पूर्वी होणारा हर्ष कोठे हरपला, असे त्यात विचारलेले आहे. म्हणजे आपण ज्यांना कूपरांचे चांगले दिवस म्हणतो, त्या दिवसांतही आध्यात्मिक कोरडेपणा त्यांच्या घरी येऊन जात होता. ते त्याला गीतात देवापुढे मांडत होते, एवढेच.

याच ओल्नीचा आपल्या मराठी मंडळीशीही एक धागा आहे. तेथील बाप्तिस्त मंडळीने १७८६ साली विल्यम केरी या तरुणाला उपदेशाच्या सेवेस अनुमती दिली. तोच केरी १७९३ साली भारतात आला आणि सेरामपूर येथून मत्तयाचे मराठी शुभवर्तमान १८०५ साली व मराठी नवा करार १८११ साली छापून निघाला. आपल्या भाषेतील शुभवर्तमानाच्या वाटेवर ते गाव लागते.

एका रात्रीचे स्वप्न

१७७३ च्या जानेवारीत खिन्नता पुन्हा परतली. फेब्रुवारीत एका रात्री कूपरना स्वप्न पडले. त्यात एका वाणीने त्यांना सांगितले की, तुझे सर्व संपले आहे, तुझा नाश ठरला आहे. स्वप्न विरले, त्याचा ठसा मात्र शेवटच्या श्वासापर्यंत विरला नाही. प्रायश्चित्ताची शिकवण त्यांनी सोडली नाही. ख्रिस्त पाप्यांना तारतो हे ते मानीत राहिले. फक्त, सर्व मनुष्यजातीत एक अपवाद आहे आणि तो मी, असे त्यांच्या मनाने घेतले. अब्राहामाकडून इसहाक मागितला तसा देवाने माझा प्राण माझ्याच हातून मागितला आहे आणि मी ती आज्ञा मोडली, असा भयंकर भ्रम त्यांना झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न केला. याही वेळी ते वाचले. त्यानंतर ते उपासनेला गेले नाहीत. प्रार्थना करण्याचाही आपणांस अधिकार उरला नाही, असे ते समजत.

येथे थोडे थांबून विचार करू या. कूपरांच्या धर्मानेच त्यांना वेडे केले, असे काही चरित्रकारांनी लिहिले आहे. पण तारखा पाहा. पहिली खिन्नता व १७६३ चा झटका ही दोन्ही त्यांना प्रभूची ओळख होण्याआधीची आहेत. आजच्या वैद्यांनी त्याला बहुधा तीव्र नैराश्याचा विकार म्हटले असते. रोगाने त्यांच्या भीतीला धर्माची भाषा दिली. ती भाषा शुभवर्तमानाची नव्हती. बागेतील लिखित वचन एक गोष्ट सांगत होते आणि रात्रीचे स्वप्न तिच्या उलट सांगत होते. आजारी मनाने स्वप्नाला वचनाहून मोठे मानले. यात त्यांना दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही. ताप चढलेल्याला आपण बरळल्याबद्दल दोष देत नाही.

आणि मित्रांनी काय केले ते पाहा. एप्रिल १७७३ मध्ये कूपर न्यूटन यांच्या घरी आले आणि परत जाण्यास नकार देऊन बसले. न्यूटन यांनी त्यांना वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांनी डॉ. कॉटन यांचा सल्ला घेतला. तुझा विश्वास कमी पडतो, असा बोल त्यांनी लावला नाही. मेरी अनविन रात्रंदिवस पहारा देत व शुश्रूषा करीत राहिल्या. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क दुसऱ्या अध्यायात सांगतो. खाटेवर पडलेल्याला स्वतः चालत येता येत नव्हते. ओल्नीत अशीच एक खाट होती आणि ती वाहणारे असेच काही जण होते.

ससे, बाग आणि काव्य

१७७४ साली शेजारच्या मुलांकडून कूपरना एक सशाचे पिल्लू मिळाले. होता होता तीन ससे त्यांच्याकडे राहिले : पस, टायनी आणि बेस. ते त्यांना खाऊ घालीत, त्यांच्यासाठी स्वतः सुतारकाम करून घरे बनवीत. पस आजारी पडला तेव्हा त्याची त्यांनी शुश्रूषा केली आणि तो पुरता माणसाळला. टायनी मात्र कधीच माणसाळला नाही. कुरवाळायला हात पुढे केला की तो फुरफुरे, पंजा मारी, चावे घेई. तरीही रोज त्याला दाणावैरण मिळे, संध्याकाळी दिवाणखान्यात बागडायला मिळे आणि सुमारे नऊ वर्षांनी तो मेला, तेव्हा त्याच्या धन्याने त्याच्यासाठी कविता लिहिली. वाचकहो, टायनीला आपल्या धन्याचे प्रेम कधी कळले असेल असे वाटत नाही. पण तो कोणाचा होता याविषयी त्या घरात कोणाला शंका नव्हती. हे ससे पाळणाऱ्याला स्वतःविषयी हे उमगले नाही, आपल्याला उमगावे.

बागकाम, सुतारकाम आणि सशांच्या संगतीत त्यांचे मन हळूहळू सावरले. मग मेरी अनविन यांनी त्यांना कविता लिहिण्यास उत्तेजन दिले. १७८२ साली पहिला संग्रह निघाला. त्याच वर्षी जॉन गिल्पिन या कापडवाल्याच्या घोड्यावरील फजितीची विनोदी कविता प्रसिद्ध झाली आणि सारे इंग्लंड हसले. १७८५ साली ‘द टास्क’ हे मोठे काव्य आले. त्यात कळपापासून दूर गेलेल्या, बाणांनी जखमी झालेल्या हरिणाचे एक चित्र आहे. ते हरिण म्हणजे कूपर स्वतः. ज्याला स्वतःलाही बाण लागले होते अशा एकाने ते बाण हळुवारपणे उपटून त्याला बरे केले, असे तेथे वर्णन आहे. हा साक्षीचा उतारा त्यांनी काळोखाच्या वर्षांत लिहिला. सुख दिसेनासे झाल्यावरही सुख देणाऱ्याविषयी ते खोटे बोलले नाहीत.

१७८८ साली त्यांनी गुलामगिरीच्या विरोधात कविता लिहिल्या. त्या त्या चळवळीने दूरवर पोहोचविल्या. अपहृत आफ्रिकी माणसाच्या मुखातून इंग्रज वाचकाला प्रश्न विचारणारी कविता विशेष गाजली. पुढे त्यांनी होमरच्या महाकाव्यांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १७९१ साली प्रकाशित झाले. भाषांतराच्या कामात रोज ठरावीक ओळी पुऱ्या करण्याची शिस्त असते. मन रिकामे असतानाही हात कामावर राहतो आणि त्या कामाने दिवस उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

शेवटची वाट

शेवट सुखाचा झाला असे मी आपणांस सांगू शकत नाही. १७८० मध्ये न्यूटन लंडनच्या मंडळीत सेवेस गेले होते. त्यांची पत्रे मात्र येत राहिली. १७८६ साली कूपर व मेरी अनविन जवळच्या वेस्टन अंडरवूड या गावी राहावयास गेले आणि थोड्याच दिवसांत मेरीचा मुलगा विल्यम वारला. पुढील वर्षी कूपरना पुन्हा झटका आला. १७९१ नंतर मेरीला पक्षाघाताचे झटके आले. जिने वीसहून अधिक वर्षे त्यांना सांभाळले, तिला आता कूपर आधार देऊन चालवीत होते. १७९५ साली एका तरुण आप्ताने दोघांना नॉरफोक परगण्यात नेले. १७९६ च्या डिसेंबरात मेरी वारल्या.

१७९९ साली त्यांनी शेवटच्या स्वतंत्र इंग्रजी कवितांपैकी एक लिहिली. वादळात जहाजावरून समुद्रात पडलेल्या खलाशाची ती गोष्ट आहे. सोबती पाहतात, पण वाचवू शकत नाहीत. त्या खलाशाहून खोल गर्तेत मी बुडालो, असे त्या कवितेचा शेवट सुचवितो. २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डीरहॅम येथे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूनंतर त्यांच्या चेहऱ्यावर शांतता आणि पवित्र आश्चर्य यांचे मिश्रण दिसले, असे त्या आप्ताने नमूद करून ठेवले आहे. त्या चेहऱ्यावर आपण सिद्धान्त उभारू नये. आपली आशा मृताच्या चेहऱ्यावर अवलंबून नाही.

लंडनमध्ये वृद्ध न्यूटन यांनी आपल्या मित्रासाठी स्मृत्यर्थ उपदेश केला. त्यासाठी त्यांनी निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातील जळणाऱ्या झुडपाचा उतारा निवडला : झुडूप अग्नीने पेटले होते, पण भस्म होत नव्हते. ज्या मित्राने सत्तावीस वर्षे देवाची उपस्थिती नाकारली गेल्याचे सांगितले, त्याच्याविषयी न्यूटन यांना देवाच्या उपस्थितीचा अग्नी आठवला.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, असा मनुष्य तारला गेला काय? हा प्रश्न केवळ कूपरांचा नाही. आपल्या मंडळीतील कोणी आई, कोणी भाऊ, कोणी वृद्ध पाळक अशाच अंधारात गेला असेल आणि त्याच्या नावापुढे आपण मनातल्या मनात हाच प्रश्न मांडला असेल. कदाचित तो आपण स्वतःच असाल.

कूपर ज्या परंपरेत वाढले, तिच्या शेजारच्याच वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा अठरावा अध्याय या विषयी आहे. तारणाची खात्री विश्वासणाऱ्याला मिळू शकते आणि त्याने ती शोधावी, असे तो शिकवतो. पण ती हालू शकते, मंद होऊ शकते, आणि ती नसली म्हणजे विश्वासच नाही असे मानता येत नाही, हेही तो सांगतो. शास्त्राची साक्ष अशीच आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते देवाच्या लोकांच्या गीतसंग्रहात आहे. यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात जो अंधारात चालतो आणि ज्याला प्रकाश नाही, त्याला परमेश्वराच्या नावावर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे. आधी प्रकाश निर्माण कर, अशी अट घातलेली नाही. आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवीत असले तरी देव आपल्या अंतःकरणाहून थोर आहे, हे योहानाने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. आणि आपण अविश्वासू झालो तरी ख्रिस्त विश्वासू राहतो, हे पौलाने तीमथ्याला कळविले आहे.

म्हणून खात्री कोठे शोधावी हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. माझ्या मनात आज किती ऊब आहे, हे पाहून तारणाचे मोजमाप करू नका. पहिल्या आनंदाची आठवण अमूल्य आहे, पण पायाचा दगड ती नव्हे. देवाने ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले, ही घडून गेलेली गोष्ट आहे. १७६४ साली ती कूपरना दिसली. १७७३ नंतर दिसेनाशी झाली. पण दोन्ही दिवशी ती तितकीच खरी होती. शास्त्राचे पान रात्री दिवा मालवल्यावर कोरे होत नाही.

मग कोरड्या दिवसांत काय करावे? वचन समोर ठेवा, ते बोलत नसले तरी. प्रार्थनेला शब्द नसतील तर स्तोत्रांचे शब्द उसने घ्या. स्वप्ने, भास आणि इतरांनी आपल्याविषयी केलेली भाकिते यांना लिखित वचनापुढे बसवू नका. हाताला साधे, उपयोगी काम द्या. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते एकट्याने सोसू नका. त्याच दिवशी कोणा विश्वासू माणसास सांगा आणि वैद्याकडे जा. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. देवाने कूपरना डॉ. कॉटन यांच्या हातून एकदा उभे केले होते.

आणि ज्यांचे दिवस आज हिरवे आहेत, त्यांना माझी विशेष विनंती आहे. आपल्या मंडळीतील कोरड्या पडलेल्या माणसाला उपदेशाचे चार शब्द ऐकवून परत येऊ नका. त्याच्या घरी जा, पुन्हा जा. केरी यांच्या घरीही पत्नी डोरोथी कित्येक वर्षे मनोविकाराने आजारी होत्या. १८०७ साली त्या वारल्या. ज्या घरातून आपल्या पूर्वजांपर्यंत देवाचे वचन आले, त्याच घराच्या एका खोलीत हे दुःख होते. मंडळीत असे दुःख असणे ही लाज नाही. अशी खाट वाहायला कोणी पुढे न येणे, ही मात्र आहे.

कूपरांनी आपली खात्री हरवली. ख्रिस्ताने कूपरांना हरवले, असे मानण्यास शास्त्रात मला आधार सापडत नाही. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून ज्याने आधीच विनंती केली होती, तो आजही पित्याच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करीत आहे. आपली प्रार्थना बंद पडली आहे, त्याची नाही. आज रात्री आपण काहीही न जाणवता निजलात, तरी एवढे स्मरून निजा.